तीन सुताचा की दहाचा? जुन्या स्पिटफायरच्या ब्रेकच्या नळ्यांचे आटे

होटगी रोडच्या एका तरुणाने विचारलंय. त्यांच्या काकांची १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. ती आता ते रस्त्यावर आणतायत. ब्रेकच्या नळ्या गंजल्यात, म्हणून दोन नळ्या काढून दुकानात नेल्या. दुकानदाराने नट दोन बोटांत फिरवला आणि सांगितलं, "दहा एमएम फाइन. मारुतीचाच लागतो की." आणलेला मारुतीचा नट मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, तोंडात दीड फेरा गेला आणि अडला. तोच नट मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमध्ये मात्र बोटांनीच तळापर्यंत गेला. ते मला विचारतात, "काका, एकाच गाडीत दोन जातीचे आटे असतात का? आणि खात्रीने ओळखायचे कसे?"

असतात. कारखान्यातून निघताना तुमच्या गाडीत नसावेत, पण गाडी पन्नासहून जास्त वर्षं आपल्याकडे फिरलीय. कुणी काय बसवलं याची वही कुणी ठेवत नाही. मागच्या डाव्या चाकातून निघालेला जुना नट मात्र आधी शोधून बाजूला ठेवा. कचऱ्यात गेला असेल तर कचरा उपसा. त्या नटाचं काय ते खाली सांगतो.

कारखान्यात काय होतं ते आधी बघू. स्पिटफायर १९६२ ची, ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली. हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनत होती, म्हणून आमच्या पिढीच्या मिस्त्रींना हिची हाडं ओळखीची. ब्रेक गर्लिंग कंपनीचे. नळी ३/१६ इंच जाडीची, म्हणजे आपल्या भाषेत दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नटाचे आटे ३/८ यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप), म्हणजे तीन सूत, एका इंचात २४ आटे. क्लचची नळी त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत दोन सुताची असते आणि तिचा नट ७/१६ चा, साडेतीन सुताचा, इंचात २० आटे. ती नळी ब्रेकच्या नळीपेक्षा उघड जाड दिसते, तिथे घोटाळा होत नाही. घोटाळा सगळा तीन सुताच्या आसपास आहे.

मारुतीचा नट एम१० बाय १. म्हणजे बाहेरून १० मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. तीन सुताचा नट ९.५२५ मिमी आणि अंतर १.०५८ मिमी. जाडीत अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक, आट्याच्या अंतरात मिमीचा सतरावा हिस्सा. बोटात फिरवून हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही. त्यात नळीही फसवते. इंची नळी ४.७६ मिमीची आणि मेट्रिक नळी ४.७५ ची, म्हणजे एकच. मारुतीच्या नटातून तुमची नळी आरामात जाते आणि माणसाला वाटतं, जमलं.

पान्ह्यावरून ठरवणारे तर पुष्कळ. ब्रेकच्या तीन सुताच्या नटाला ७/१६ चा पान्हा लागतो, म्हणजे ११.११ मिमी. युरोपातल्या एम१० च्या नटाला ११ चा. जुना, घासलेला इंची नट ११ च्या पान्ह्यात जातो आणि मिस्त्री म्हणतो, अकराचा पान्हा लागला म्हणजे मेट्रिक. मारुतीच्या नटाला तर १० चाच पान्हा लागतो. पान्हा नटाच्या डोक्याचं माप सांगतो, आट्यांचं नाही.

आता मोजायचं कसं. नट पेट्रोलमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशने आट्यांतली घाण काढा. पितळी ब्रशही चालेल, पण कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. व्हर्निअर घ्या आणि आट्यांच्या माथ्यावर, सगळ्यात कमी झिजलेल्या जागी, दोनतीनदा फिरवून माप घ्या. कुठलाही खरा नट नावापेक्षा किंचित बारीकच भरतो. तीन सुताचा ९.४ ते ९.५ च्या दरम्यान येईल, एम१० चा ९.८ ते ९.९. हे दोन गट स्पष्ट वेगळे आहेत, आणि निम्मं काम इथेच होतं.

माप ९.६ किंवा ९.७ आलं तर सावध व्हा. एक तर तो झिजलेला एम१० आहे, नाहीतर १/८ बीएसपी. बीएसपी म्हणजे पाइपचे आटे, बाहेरून ९.७३ मिमी, इंचात २८. ब्रेकमध्ये ते यायचं कारण नाही, पण आपल्या गावात येतं. सोलापुरात यंत्रमाग आहेत, कॉम्प्रेसर आहेत, तेलाच्या आणि हवेच्या बारीक नळ्यांची जोडणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ती सगळी बीएसपीची. अडल्या वेळी कुणीतरी त्यातलंच काहीतरी ब्रेकला लावलेलं मी दोनदा पाहिलंय, एकदा तर चांगल्या घरच्या गाडीत.

जाडी झाली की आट्यांचं अंतर. यासाठी पिच गेज लागतो, पात्यांचा जुडगा. इंची आणि मेट्रिक दोन्ही पाती असलेला घ्या. पातं आट्यांत बसवा आणि नट ट्यूबलाइटसमोर धरा. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेडाची फट दिसता कामा नये. २४ चं पातं आणि १ मिमीचं पातं दोन्ही पहिल्या तीन आट्यांत बसल्यासारखी वाटतात. खरं काय ते सातव्या-आठव्या आट्याला कळतं, कारण तोवर फरक साठून जवळजवळ अर्धा मिमी होतो. म्हणून नटाचे जेवढे आटे शाबूत आहेत तेवढ्या सगळ्यांवर पातं टेकवा. दोन आट्यांवर टेकवून "बसतंय" म्हणायचं नाही.

गेज नसेल तरी अडत नाही. टूलच्या दुकानातून ३/८ यूएनएफचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, आणा. टॅपचे दात कारखान्यात अचूक घासलेले असतात. टॅप आणि नट आडवे, शेजारी शेजारी, दात दातांत घालून उजेडासमोर धरा. सगळे दात एकमेकांत रुतले आणि मधून प्रकाश आला नाही, तर २४ आट्यांचा. मारुतीच्या नव्या नटाशी तसंच करून बघा. बहुतेक वेळा दोन्हींतल्या एकाशी जुळेल. हा टॅप फक्त शेजारी धरायला आणलाय हे लक्षात ठेवा. तो मास्टर सिलिंडरच्या तोंडात फिरवायचा मोह होईल. तो आवरा.

दोन्हींशी जुळलं नाही, अंतर बरंच मोठं, १.२५ च्या आसपास दिसलं, तर आणखी मागे जावं लागेल. बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे बारीक आटे; त्यातला तीन सुताचा आटा इंचात २० असतो आणि त्याचा कोन ५५ अंशांचा. यूएनएफ आणि मेट्रिक दोन्ही ६० अंशांचे. इंग्लंडच्या व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने १८४१ मध्ये ५५ अंश ठरवले, इंग्रजांच्या यंत्रांनी शंभर वर्षं तेच वापरले. मग १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून ६० अंशांचे एकच इंची आटे मान्य केले. म्हणून पन्नासच्या दशकातल्या इंग्लिश गाड्या म्हणजे खिचडी असते. तुमच्या १९६८ च्या गाडीत बीएसएफ निघणं कठीण, पण जुन्या गाडीचा एखादा युनियन, म्हणजे दोन नळ्या जोडणारा तुकडा, कुणी लावला असेल तर निघेलही. माझे वडील इथल्या गिरणीत फिटर होते. त्यांच्या पेटीतला गेज फक्त ५५ अंशांचा, कारण माग विलायतेचे. सुरुवातीला मी तोच गेज हेराल्डवर लावायचो आणि एकही पातं नीट बसत नाही म्हणून गाडीलाच शिव्या द्यायचो.

नटाचं कळलं. पण नट हा बदलता माल. खरी ओळख पटवायची ती तोंडाची, म्हणजे मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, डिस्क ब्रेकचे कॅलिपर आणि मधले युनियन यांच्या भोकांची. तिथे बाहेरून व्हर्निअर लागत नाही. माझी युक्ती साधी आहे. ८.८ मिमीचं नवं ड्रिल घ्या आणि त्याची मागची गुळगुळीत बाजू हलक्या हाताने भोकात घालून बघा. तीन सुताच्या यूएनएफ भोकात आट्यांच्या आतला व्यास ८.४ ते ८.६ असतो, ड्रिल जाणार नाही. एम१० बाय १ मध्ये तो ८.९ च्या वर असतो, ड्रिल सरळ आत जातं. जोर लावायचा नाही. गेलं तर गेलं, नाही तर नाही. ड्रिल गेलं नाही म्हणजे लगेच यूएनएफ असं मात्र धरू नका, कारण एम१० बाय १.२५ चं भोकही त्याच्या जवळपासच्या मापाचं असतं आणि बीएसएफचं त्याहून बारीक. भाग सुटा केलेला असेल तर मऊ लाकडाची काडी किंचित निमुळती करून भोकात पिळा, सावकाश उलटी फिरवून काढा. काडीवर आट्यांचे ठसे उमटतात, त्यावर पिच गेज लावा. नंतर भोक स्पिरिटने धुवून हवा मारा. लाकडाचा एक कण ब्रेकमध्ये राहिला तर तो वर्षभराने नेमक्या वेळी त्रास देतो.

हे सगळं प्रत्येक टोकाला वेगळं करायचं. नळी दोन टोकांची असते आणि दोन टोकं दोन जातींची असू शकतात. ट्रायम्फच्याच टीआर६ मध्ये पुढचे कॅलिपर आधी १६पी होते, नंतर १६पीबी आले. दिसायला भावंडं, पण पहिल्याचे आटे इंची आणि दुसऱ्याचे मेट्रिक. म्हणजे कारखान्यानेच गाडीचं नाव तेच ठेवून आटे बदलले. त्यामुळे "स्पिटफायरला अमुक लागतं" या वाक्यावर मी नळी कापत नाही. प्रत्येक जुन्या नळीला दोन्ही टोकांना कापडी चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: कुठून कुठे, नट किती मिमी, किती आटे. नळ्या वाकड्यातिकड्या असल्या तरी मोडून टाकू नका, नव्या नळीचं वळण त्यांच्यावरूनच घ्यायचंय.

आटे जुळले तरी एक गोष्ट उरते, आणि आपल्याकडे ती जवळजवळ सगळे विसरतात: बैठक. ब्रेकचं तेल आटे अडवत नाहीत. आटे फक्त दाबून धरतात, तेल अडतं ते नळीच्या फुगवलेल्या तोंडावर, फ्लेअरवर. भोकात टॉर्च मारून तळ बघा. तळाशी खड्डा, म्हणजे फनेलसारखा उतार असेल तर नळीचं तोंड बाहेर फुगलेलं लागतं, त्याला बबल फ्लेअर म्हणतात. तळातून शंकूसारखं टोक वर आलेलं असेल तर नळीचं तोंड आत दुमडलेलं लागतं, तो डबल फ्लेअर. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत बाहेरून आटे असलेल्या नटाला बबल, आणि आतून आटे असलेल्या नटाला, जो होजच्या, म्हणजे लवचिक रबरी नळीच्या, टोकावर चढतो, त्याला डबल असा साधारण रिवाज आहे. मारुतीची तयार नळी डबल फ्लेअरची. म्हणजे समजा नट बसला असता, तरी ती नळी तुमच्या मास्टर सिलिंडरच्या खड्ड्यात चुकीचं तोंड घेऊन बसली असती. ते गळतं, मग मिस्त्री आणखी आवळतो, मग नटाचे आटे जातात, मग टेफ्लॉनची पट्टी येते. टेफ्लॉन इथे निरुपयोगी आहे, वर त्याचे तुकडे तेलात जातात. आमच्याकडे एकदा सुती धागा गुंडाळलेला नट आला होता. सोलापूर आहे, सुताला काय तोटा!

आता तुमचं मागचं डावं चाक. मारुतीचा नट तिथे तळापर्यंत गेला, म्हणजे तो सिलिंडर मुळातला नाही किंवा कुणीतरी त्याच्या तोंडात एम१० चा टॅप फिरवलाय. ड्रिलची परीक्षा करा. ड्रिल आत गेलं तर खात्री. मग तिथून निघालेला जुना नट मोजा. तो ९.८ भरला, तर आधीच्या मिस्त्रीने निदान आटे तरी जुळवले होते. तो ९.४५ भरला, तर ती गाडी इतकी वर्षं शेडमध्ये उभी होती हे तुमच्या काकांचं नशीब.

कारण असं. मेट्रिक नट इंची भोकात घातला तर तो दीड फेऱ्यात अडतो, तुमचा अडला तसा. काही बिघडत नाही, माणूस परत दुकानात जातो. उलटं केलं, म्हणजे तीन सुताचा नट एम१० च्या भोकात घातला, तर तो जातो. थोडा डुगडुगतो, पण जातो. आट्यांना पकड मात्र निम्मीच असते, आणि अंतर वेगळं असल्याने सगळा भार एकदोन आट्यांवर येतो. पान्ह्याने आवळला की घट्ट झाल्यासारखा वाटतो. पेडल मारलं की कडक लागतं. जोरात ब्रेक मारला की नळीत हजार पीएसआयच्या वर दाब जातो, तेही दहावीस वेळा सहन करतं. आणि एके दिवशी नट नळीसकट बाहेर येतो.

हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. मी पंचविशीत असताना एक स्टँडर्ड हेराल्ड आली होती. मागच्या एका चाकाला कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा सिलिंडर पाठीमागच्या प्लेटला कानस मारून बसवला होता. मी नळी नवी केली, जुना नट पुसून पुन्हा वापरला. तो भोकात इतका सहज फिरला की मला बरं वाटलं. वाटलं, धुतल्यामुळे गुळगुळीत झालाय. पेडल कडक. गाडी घेऊन मीच तुळजापूरला गेलो, मालक शेजारी. जाताना काही नाही. परत येताना घाट उतरताना दुसऱ्या वळणाच्या आधी पेडल जमिनीला टेकलं. एकाच सर्किटचे ब्रेक, एक नट निघाला की चारही चाकं मोकळी. तिसरा, दुसरा, पहिला गिअर आणि हँडब्रेक, असं करत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. मालक देवीचा नवस बोलत होते. मी खाली उतरून चाकामागे बघितलं तर नट नळीवर लोंबत होता, त्याचे पहिले दोन आटे वस्तऱ्याने तासल्यासारखे सपाट. तो नट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तुमच्या मार्क थ्रीच्या मास्टर सिलिंडरमधूनही ब्रेकची एकच नळी निघते का, ते बघा. एकच असेल तर वरची गोष्ट जशीच्या तशी तुम्हालाही लागू.

मग करायचं काय. मागचा डावा सिलिंडर बदला. अॅडॉप्टर लावू नका, पुन्हा टॅप मारून इंची करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कापलेलं लोखंड परत येत नाही. दोन्ही मागचे सिलिंडर एकदम, योग्य मापाचे, जुन्या ट्रायम्फचे सुटे भाग विकणाऱ्याकडून मागवा. त्याच पार्सलात तीन सुताचे ब्रेकचे नट वीसेक जास्तीचे मागवा, ते स्वस्त असतात. एमआयडीसीतला चांगला लेथवाला नट करून देईल, मीही करून घेतलेत. पण आधी नमुना, मग माल. आणि फक्त नट. युनियन किंवा सिलिंडरची बैठक लेथवर करून घ्यायची नाही. नळी तांबे-निकेलची घ्या, वाकवायला सोपी आणि गंजत नाही. फ्रिजवाल्याकडची निव्वळ तांब्याची नळी नको, ती धक्क्यांनी कडक होऊन चिरते.

बसवताना प्रत्येक नट फक्त बोटांनी, फ्लेअर तळाला टेकेपर्यंत जायला हवा. पाच-सहा फेरे होतात, मोजा. दोन फेऱ्यांत अडला किंवा डुगडुगला, दोन्ही वेळा काढा आणि मोजा. मग तोंड फाकलेला ब्रेक पाइपचा पान्हा घेऊन मनगटाच्या जोरावर आवळा, खांद्याच्या नाही. तेल भरून हवा काढली की कुणालातरी पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद रात्रभर तिथेच ठेवा, सकाळी पुन्हा बघा. तेलासाठी डॉट ४ चा नवा सीलबंद डबा घ्या. उघडा ठेवलेला डबा हवेतलं पाणी ओढतो आणि मग ते तेल लवकर उकळतं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या होजचं एक राहिलं. होज फिरता कामा नये. आधी होजचं टोक ब्रॅकेटमध्ये चेकनटाने पक्कं करा, मग नळीचा नट. उलटं केलं तर होजला पीळ पडतो आणि चाक वळवलं की तो टायरला घासतो.

क्लचच्या नळीचं माप तुम्ही लिहिलेलं नाही. तीही आत्ताच मोजून ठेवा. बाहेरून ६.३५ भरली तर दोन सुताची, आणि तिला ६ मिमीची मेट्रिक नळी चालत नाही. रविवारी सकाळी मी गॅरेजवर असतो. येताना जुन्या नळ्या चिकटपट्ट्यांसकट आणा, आणि मागच्या डाव्या चाकाचा तो नट वेगळ्या पुडीत.